पस्तीस गुणांचे इंग्रजी

मासेमारीबंदीचे दिवस होते. मुरूडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि माणसे पडवीत जाळी दुरुस्त करीत बसली होती. अशाच एका पडवीत एका मुलाने त्याची दहावीची गुणपत्रिका माझ्या हाती दिली. मराठी ७१, इंग्रजी ३६. मुलाला व्यापारी जहाजावर जायचे होते. चुलता बोटीवर होता, आतेभाऊ होता. घरात बोटीवरच्या पगाराने बांधलेली खोली होती. पण खलाशीपदाच्या प्रशिक्षणाचा अर्ज परत आला होता. नौवहन महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे 'जी. पी. रेटिंग'च्या अभ्यासक्रमाला दहावीत किंवा बारावीत इंग्रजी विषयात किमान ४० टक्के गुण लागतात. अधिकारी व्हायचे असेल, तर ५०. मुलगा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, ''काका, पण मी पास झालोय ना?''

त्याला काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. मंडळाने त्याला उत्तीर्ण म्हटले होते. शाळेने शंभर टक्के निकालाच्या फलकावर त्याची गणती केली होती. गावात पेढे वाटले गेले होते. समुद्राने मात्र त्याला नापास केले. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्ऱ्यांचे आरमार उभे राहिले, त्या किनाऱ्यावरच्या मुलाला इंग्रजीच्या चार गुणांअभावी जहाजाची शिडी चढता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागली आणि म्हणूनच हा लेख.

हे चार गुण गेले कोठे, ते पाहू. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दहावीत इंग्रजी ही तृतीय भाषा असते. कृतिपत्रिका ८० गुणांची, तोंडी व श्रवण परीक्षा २० गुणांची. हे वीस गुण शाळेच्या हातात असतात आणि शाळा उदार असतात. अठरा गुण बहुतेकांच्या पदरात पडतात. म्हणजे पस्तिशी गाठण्यासाठी लेखी परीक्षेत सतरा गुण पुरतात. ऐंशीपैकी सतरा! आता हे सतरा कसे मिळवायचे, याचे एक शास्त्रच आपल्या खासगी शिकवण्यांनी आणि निकालाच्या धास्तीने ग्रासलेल्या शाळांनी बनविले आहे. उतारा दिलेला असतो. प्रश्नातला एक शब्द हेरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा, तो ज्या ओळीत सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अर्थ कळण्याची आवश्यकता नाही. कवितेच्या रसग्रहणाचे पाच गुण असतात; कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकांची रचना, अलंकार असे ठरीव मुद्दे पाठ करून यायचे. पत्र एकच पाठ करायचे, विषय कोणताही येवो. 'पेपर कोरा सोडू नका' हा मंत्र तर जानेवारीपासून प्रत्येक वर्गात घुमत असतो.

प्रत्येक उताऱ्याखाली शेवटची एक कृती असते. तिच्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारलेले असते. तुला काय वाटते, तू असतास तर काय केले असतेस, असा साधा प्रश्न. त्याचे उत्तर उताऱ्यात नसते, म्हणून ते उतरवता येत नाही. वर उल्लेखिलेल्या मुलाकडे मी सराव परीक्षांचे कागद मागितले. सगळ्या कागदांवर हीच एक जागा रिकामी होती. दहा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा 'मला असे वाटते' एवढ्यावर थबकतो. दहा वर्षे म्हणतो, कारण २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणले. तेव्हा केवढी स्वप्ने दाखविली गेली होती! आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो. वर्षे वाढली आणि वाक्य मात्र निम्मे राहिले.

पत्रलेखनाचा मासला सांगण्यासारखा आहे. दिवेआगरजवळच्या एका मुलीने मला तिचे पाठ केलेले तक्रारपत्र म्हणून दाखविले. महानगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला उद्देशून, प्रभागातील कचराकुंड्या भरून वाहत असल्याबद्दल. तिच्या गावात महानगरपालिका नाही, प्रभाग नाही आणि कचराकुंडीही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने तिच्या आजोबांची पोफळीची वाडी झोपविली होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून ज्या मालाचे नाव आहे, तीच ही वाडी. त्याविषयी एका ओळीचे पत्रही तिला लिहिता आले नसते, कारण ते मार्गदर्शकात नव्हते.

त्याच वादळानंतरची आणखी एक आठवण. किनाऱ्यावरच्या एका घरी विमा कंपनीचे पत्र आले. घरात दहावी झालेला, साठ टक्के मिळविलेला मुलगा होता. त्याने ते पत्र वडिलांना मोठ्याने वाचून दाखविले, प्रत्येक शब्दाचा उच्चार जवळजवळ बरोबर. पत्रात काय म्हटले आहे, असे वडिलांनी विचारले तेव्हा तो गप्प राहिला. कागदपत्रे ठरावीक मुदतीत पाठवा, एवढाच त्या पत्राचा मजकूर होता. मी ते पाहिले तेव्हा मुदत उलटून गेली होती. वाचता येणे आणि कळणे यांची ही फारकत आपल्या शाळांतून राजरोस शिकविली जाते.

यात शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होणे सोपे आहे, आणि अन्यायाचे आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात तो शिकवितो आणि निकाल घसरला की जाब त्यालाच विचारला जातो. तेव्हा त्याला सोडून देऊ. मला बोलायचे आहे ते आपल्याबद्दल. हे साप्ताहिक ज्या घरांत येते, त्या घरांबद्दल.

आपल्या घरांत या प्रश्नावर दोन पंथ आहेत. पहिला पंथ व्यासपीठावर मातृभाषेचा गौरव करतो आणि जूनमध्ये नातवाला इंग्रजी माध्यमात घालतो. अलिबाग-पेणच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंनी या शाळांचे फलक दिसतात. त्यांतल्या काही चांगल्या असतील, आहेतही. पण अनेक ठिकाणी गळपट्टा आणि पायमोजे इंग्रजी असतात, आणि शिकविणाऱ्या बाईंना स्वतःलाच चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. तेथून बाहेर पडणारे मूल घरी आजीची म्हण समजत नाही आणि शाळेत इंग्रजी धडा समजत नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला मी याविषयी छेडले. ते म्हणाले, ''तत्त्व वेगळे, व्यवहार वेगळा.'' मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग ओस पडतात ते याच व्यवहारापायी. वर त्या शाळा टिकविण्यासाठी निवेदनेही आपणच देतो!

दुसरा पंथ अधिक प्रामाणिक आहे. पण घातक तोही कमी नाही. इंग्रजी ही परकीयांची भाषा, मेकॉलेने १८३५ साली आपल्या गळ्यात बांधलेली धोंड, तिच्यात पस्तीस मिळाले तरी बिघडले काय, असे हा पंथ म्हणतो. मेकॉलेचा हेतू काय होता, हे आपल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पण त्या काळच्या आपल्या माणसांनी त्यावर काय उत्तर दिले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' मराठीत चालविली, आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात टिळकांच्या जोडीने शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. त्या काळात याहून कडवे स्वभाषाभिमानी शोधून सापडणार नाहीत. त्यांना हे नाव घेण्यात लाज वाटली नाही, कारण इंग्रजी हे त्यांच्या लेखी हत्यार होते आणि हत्यार बोथट ठेवून कोणी लढाईला जात नाही. मुरूडच्या त्या मुलाला 'इंग्रजीवाचून काय अडते?' असे विचारून पाहा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरील संभाषणासाठी प्रमाणित इंग्रजी वाक्यांचा संग्रहच मंजूर केला. आग लागली, माणूस पाण्यात पडला, नांगर सुटला, तर काय बोलायचे ते त्यात ठरवून दिलेले आहे. तेथे अर्थ न कळता ओळ उतरवून भागत नाही. माणसे मरतात.

मराठी पत्रकार म्हणून मला आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, त्या अंकाच्या पृष्ठावर दोन स्तंभ होते. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी, मजकूर समोरासमोर. आपला पत्रकारदिन आपण त्या दिवशी साजरा करतो, हार घालतो, आणि त्या दोन स्तंभांकडे पाहत नाही. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा पूल त्या माणसाने पहिल्याच पानावर बांधून ठेवला होता. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना याच पुलावरून नेले. माझ्या वडिलांची पाठमाला आमच्या घरी होती, पुठ्ठा गेलेली, कडांना वाळवी लागलेली. रोज संध्याकाळी दहा वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि दुसऱ्या दिवशी तीच परत मराठीत करायची, पुस्तक न पाहता. कंटाळा यायचा, वडिलांचा रागही यायचा. मी कला शाखेचा साधा पदवीधर; इंग्रजीचे माझे सारे भांडवल तेवढेच, आणि त्यावर तीस वर्षे वृत्तसंस्थांच्या तारा मराठीत आणून पोट भरले आहे.

पुढे भाषांतर हा शब्दच शिक्षणतज्ज्ञांना नकोसा झाला. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी, मध्ये मातृभाषा आणू नये, असे वारे आले. हा विचार जेथून आला, तेथे मुलाच्या कानांवर दिवसभर इंग्रजी पडते. बोर्ली पंचतनच्या मुलाच्या कानावर ती दिवसातून पस्तीस मिनिटे पडते, तीही बहुधा मराठीतून समजावून सांगितलेली. हे कळायला तज्ज्ञ कशाला हवेत? आज दहावीच्या कृतिपत्रिकेत भाषांतर आहे, नाही असे नाही. ऐंशीपैकी पाच गुणांना. काही शब्द, एक-दोन वाक्ये, एखादी म्हण. आणि तेही फक्त इंग्रजीतून मराठीत. मराठीतून इंग्रजीत जाण्याचा रस्ता परीक्षेत नाहीच. ज्या मुलाला मराठीत ७१ गुण मिळतात, त्याची ती सारी संपत्ती इंग्रजीच्या दालनाबाहेर चपलांसारखी काढून ठेवायला लावली जाते.

त्या मुलाची सारी भिस्त आता बारावीच्या इंग्रजीवर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो आणि त्याचे दोन मित्र दर रविवारी माझ्याकडे येतात. मार्गदर्शक पुस्तके आणायची नाहीत, एवढी एकच अट. एका रविवारी समुद्राविषयीचा एक इंग्रजी उतारा समोर ठेवला. त्यात 'स्प्रिंग टाइड' असे शब्द होते. मुलाने झटकन लिहिले : वसंत ऋतूतील भरती. मी काही बोललो नाही, पुढचे वाक्य वाचायला सांगितले. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि पाणी सर्वांत जास्त चढते, असे त्यात होते. तो थांबला. पुन्हा वाचले. मग एकदम म्हणाला, ''काका, हे तर उधाण!'' आणि पुढचा 'नीप टाइड' हा शब्द मी विचारण्याआधीच त्याने लिहून टाकला : भांगाची भरती. तो शब्द त्याने कोशात पाहिला नव्हता. उधाण आणि भांग त्याला आजोबांकडून ठाऊक होते. इंग्रजी शब्दाने फक्त त्या ठाऊक असलेल्या गोष्टीचे दार ठोठावले. मराठीत उधाण नसलेल्या मुलाला हा उतारा वर्षभर शिकविला असता, तरी तो वसंत ऋतूतच अडकून पडला असता.

याच किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. पोर्तुगीज चौल सोडून १७४० साली गेले. त्यांची सत्ता गेली, पण त्यांच्या भाषेतून आणि आपल्या मराठीतून जन्मलेली एक मिश्र बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही बोलली जाते. बोलणारे ती 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. कोणत्याही परीक्षेत तिला गुण नाहीत, कोणतीही नोकरी तिच्यामुळे मिळत नाही. आई मुलाशी ती बोलते, म्हणून ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली आहे. ती बोलणाऱ्यांचे मराठीही अस्खलित असते. घरची भाषा घट्ट असली की दुसरी भाषा तिला बाधत नाही, याचे प्रात्यक्षिक पाहायला अलिबागहून तासाभराचाही प्रवास नाही. आपल्यातले किती पालक आपल्या मुलांशी इतक्या निष्ठेने मराठी बोलतात? 'मॅंगो खा, हॅंड धू' हे काय आहे?

आणि जिल्ह्यातलेच मोठे नाव हवे असेल, तर चिंतामणराव देशमुखांचे घ्या. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म, बालपण रोह्याचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. सहा वर्षांनी लंडनमध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ते पद सोडून बाहेर पडले. याच माणसाने कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. तिन्ही भाषा एकमेकींच्या आड आल्या नाहीत. कारण शाळेत एक दुसरीत उतरविण्याची सवय लागली होती. त्या काळी ती सवय म्हणजेच शिक्षण होते.

मंडळाकडे मागणी करायची झाली, तर ती याच दिशेने करायला हवी. भाषांतराचे गुण पाचांवरून किमान पंधरावर न्यावेत आणि ते दोन्ही बाजूंनी असावे. अपठित उतारे मुलांच्या ओळखीच्या जगातून यावेत. १९०४ साली मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली, ही हकीगत इंग्रजीत दहा ओळींत मांडता येते, आणि अलिबागच्या मुलाला ती समजल्यावाचून राहणार नाही. पण मागणीचा कागद मंत्रालयात जाऊन परत येईपर्यंत तीन-चार पिढ्या दहावी होतील. २०२५ मध्ये तिसऱ्या भाषेचा शासननिर्णय एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये बदलला आणि जून संपण्याआधी मागे घेतला गेला. ज्या यंत्रणेला तीन महिने एका मतावर राहता येत नाही, तिच्या भरवशावर मुले कशी सोडायची?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावात आपली अभ्यासिका आहे किंवा निघू शकते. देवळाचा सभामंडप रात्री मोकळाच असतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली माणसे, टपाल खात्यातील माणसे आपल्यात आहेत. त्यांनी परिसंवादाला जायचे दोन रविवार वाचवावेत. रोज दहा वाक्ये मराठीतून इंग्रजीत, दहा परत. विषय गावातले : एस.टी. चुकली, होडीचे इंजिन बिघडले, वादळात छप्पर गेले, आजी दवाखान्यात आहे. चूक झाली तर ओरडायचे नाही. चूक का झाली, ते मराठीत विचारायचे. आणि 'पस्तीसची हमी' असे फलक लावणाऱ्या शिकवण्यांना आपल्या घरातून एक पैसा जाऊ नये. पस्तीसच्या हमीची किंमत काय असते, ते त्या पडवीत बसलेल्या मुलाला विचारा. उरणला १९८९ पासून बंदर आहे. पनवेल तालुक्यात विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. मांडव्याला थेट मोटारी घेऊन बोट येते. काम आपल्या दाराशी आले आहे, त्याचा अर्ज मात्र इंग्रजीत आहे. तो आपल्या मुलांना भरता आला नाही, तर भरणारे दुसरीकडून येतील, आणि आपली मुले त्यांच्या बंगल्यांच्या फाटकावर उभी राहतील. मांडव्यापासून किहीमपर्यंत ती आजच उभी आहेत.

गेल्या रविवारी तिघांना मी विमा कंपनीचे ते जुने पत्र दिले. घरमालकाने ते जपून ठेवले होते. अर्धा तास लागला. मुदतीच्या वाक्याशी आल्यावर मुरूडच्या मुलाने पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली आणि समासात मराठीत तारीख लिहिली. पुढच्या रविवारी त्या पत्राला उत्तर लिहायचे आहे, इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत.